तिथं अंगद थिटे जिवंत असेल

"मॅडम, तिथं पण जेल असेल का?" बन्सीनं विचारलं आणि वर्गातले सगळे हसले.

मी फळ्यावर एक मोठा गोल काढला होता आणि त्याच्याभोवती एक लहान. मोठा म्हणजे दूरचा तारा, लहान म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा ग्रह. त्या आठवड्यात पेपरात बातमी आली होती की आपल्या पृथ्वीएवढा एक ग्रह सापडलाय. पूर्वतयारीच्या पुस्तकात हा धडा नव्हता. पण बातमी बराकीत पोचली होती आणि आल्या आल्या कैद्यांनी मला तीच विचारली.

मी शहरातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी सकाळी मध्यवर्ती कारागृहात मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा वर्ग घ्यायचे. शिक्षा लागलेले दहा-बारा जण असायचे. खाली सतरंजी, समोर फळा, खिडकीला गज आणि दाराबाहेर स्टुलावर एक शिपाई. पहिल्या महिन्यातली भीती केव्हाच गेली होती. मला सगळ्यांची नावं पाठ होती. कोणी काय केलंय ते मी विचारायचे नाही.

"जेल असायला माणसं लागतात," मी बन्सीला म्हणाले. "तिथं माणसं सोडा, साधं शेवाळ आहे का तेही माहीत नाही. आपल्याला एवढंच कळलंय की असा गोळा आहे."

"पण असू शकेल."

"असू शकेल. तारे इतके आहेत की कुठंच नसेल असं म्हणणं अवघड आहे."

निवृत्ती घोगरे भिंतीला टेकून बसला होता. पंचेचाळिशीचा, रुंद छातीचा, हाताची बोटं केळ्यासारखी जाड. जन्मठेप होती. वर्गात तो मन लावून लिहायचा, पण फारसा बोलायचा नाही. त्या दिवशी त्यानं हात वर केला.

"मॅडम, रेडिओवर एकदा ऐकलं होतं. आपल्यासारखंच दुसरं जग, त्यात आपणच. पण तिथं आपण वेगळं वागलेलो. तसं असतं का?"

"ती निराळी गोष्ट," मी म्हणाले. "ग्रह दुर्बिणीतून शोधता येतात. ही जी समांतर विश्वं म्हणतात, ती काही शास्त्रज्ञांची कल्पना आहे. गणितातून निघते, पण पुरावा एकही नाही. कदाचित कधी मिळणारही नाही."

"पण कल्पना काय आहे ती?"

"की जे जे घडू शकलं असतं, ते ते कुठल्यातरी विश्वात घडलेलं असेल."

निवृत्तीनं मान खाली घातली. पेन्सिल दोन बोटांत फिरवत राहिला.

"म्हणजे एखाद्या जगात मी त्या दिवशी हात उचललाच नाही."

"कल्पना तशीच आहे."

"मग तिथं पुढं काय झालं असेल?"

मागून आवाज आला.

"तिथं अंगद थिटे जिवंत असेल."

औदुंबर लोखंडे बोलला होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडसडीत, चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा लागून दोन महिन्यांपूर्वी आलेला. वर्गात नाव घातल्यापासून त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा बोलला.

निवृत्तीनं मागं वळून पाहिलं. तोपर्यंत औदुंबर उठून त्याच्यापर्यंत पोचला होता.

त्याच्या हातात ॲल्युमिनियमच्या ताटाचा एक तुकडा होता, फरशीवर घासून धार काढलेला, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. मला तो दिसला तेव्हा तो निवृत्तीच्या मानेतून बाहेर येत होता. दुसरा वार खांद्यावर बसला, तिसरा बरगडीखाली. औदुंबर ओरडत नव्हता. दात आवळून, नाकानं श्वास घेत, लाकूड फोडावं तसा तो वार करत होता. रक्त फळ्यापर्यंत उडालं. सतरंजीवरची माणसं बसल्या जागेवरून मागं सरकली, कोणाची तरी पाटी फुटली.

मी का गेले ते मला आजही सांगता येत नाही. मी औदुंबरचा हात धरायला गेले आणि माझ्या मुठीत त्याच्या मनगटाऐवजी पातं आलं. त्यानं ते ओढून काढलं. दुखलं नाही. फक्त हात एकदम गरम आणि ओला झाला आणि दोन बोटं माझं ऐकेनाशी झाली.

तेवढ्या वेळात निवृत्ती उठला. एका हातानं मान दाबून दुसऱ्या हातानं त्यानं औदुंबरची गचांडी धरली आणि त्याला फळ्यावर आपटलं. फळा खिळ्यासकट खाली आला. मग त्यानं त्याला जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि हत्याराचा हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काटकी मोडते तसा. औदुंबर तेव्हा पहिल्यांदा किंचाळला.

आता तो तुकडा निवृत्तीच्या हातात होता. त्यानं तो औदुंबरच्या गळ्याला लावला. त्याच्या स्वतःच्या मानेतून रक्त गळून औदुंबरच्या तोंडावर पडत होतं.

"टाक कापून," मागून कोणीतरी म्हणालं. "सोडू नको."

"कोण तू?" निवृत्तीनं विचारलं.

"अंगद थिटे माझा दाजी."

निवृत्ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. गुडघा तसाच होता, धार तशीच गळ्याला. मला वाटलं, आता होणार. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले नाहीत.

"कालिंदाचा भाऊ," निवृत्ती म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

त्यानं हात वर केला आणि तो तुकडा खिडकीच्या गजांतून बाहेर फेकून दिला. मग औदुंबरच्या अंगावरून बाजूला होऊन भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली घसरला.

दाराबाहेरच्या शिपायानं आणखी शिपाई बोलावले होते, ते आत आले ते काठ्या घेऊनच. त्यांनी आधी औदुंबरला धरलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, मोडलेल्या हातावर, जिथं बसेल तिथं काठी. तो गोळा होऊन पडला होता. मी निवृत्तीपाशी बसले होते, माझा पदर त्याच्या मानेवर दाबून. त्यानं माझा हात बाजूला केला, गुडघ्यांवर रांगत गेला आणि औदुंबरच्या अंगावर आडवा पडला. दोन काठ्या त्याच्या पाठीत बसल्या, मगच शिपाई थांबले.

"मारू नका त्याला," तो म्हणाला. घशातून रक्ताचे बुडबुडे येत होते. एवढं बोलून तो बेशुद्ध पडला.

माझ्या हाताला टाके पडले. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता पुरे ते तुरुंगातलं शिकवणं." मी रक्तानं भरलेली साडी बादलीत भिजत घातली आणि पाणी लाल झालेलं बघत बसले.

निवृत्ती वाचला. पात्यानं मोठी शीर थोडक्यात चुकवली होती. मी त्याला बघायला सिव्हिलमध्ये गेले तेव्हा पायात बेडी, मानेला जाड पट्टी आणि उशाशी पोलिसांचा हवालदार जबाब घ्यायला बसलेला.

"कसं लागलं ते सांग."

"पाय घसरला. पत्र्यावर पडलो."

"तीन वेळा पडलास?"

"तीन वेळा."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. तो चहा प्यायला बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "निवृत्ती, मी तिथं होते. माझा हात बघ."

त्यानं माझ्या बँडेजकडे पाहिलं. "तुम्हाला लागलं त्याचं वाईट वाटतं, मॅडम. तुम्ही तुमचं सांगा. खोटं बोलू नका. मी माझं सांगतो."

"तो तुला मारायला आला होता. त्याला का वाचवतोस?"

"त्याच्या बहिणीला तो एकटाच आहे. आई नाही, बाप नाही."

"जिच्या नवऱ्याचा तू खून केलास, तिची एवढी काळजी?"

तो डोळे छताकडे लावून पडून राहिला. मला राग आला. माझी बोटं ठणकत होती आणि हा माणूस कोड्यात बोलत होता. मी उठून आले.

औदुंबरनं मात्र सगळं सांगून टाकलं होतं. तुरुंगाधिकारी पाटोळे यांनीच मला ते ऐकवलं. त्याच्या बहिणीचा नवरा अंगद आणि निवृत्ती एकाच गावचे, घराला घर लागून, शेताला शेत लागून. बांधावरून भांडण झालं आणि निवृत्तीनं अंगदला पहारीनं ठेचून मारलं, असं पोलिसांत लिहिलेलं. निवृत्तीनंही तेच कबूल केलेलं. औदुंबर तेव्हा सतरा वर्षांचा होता. पांढऱ्या कपाळाची बहीण आणि तिची लहान मुलगी मनी बघून त्यानं ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. मोठा झाल्यावर एसटी स्टँडवर एका बाईची सोनसाखळी ओढली आणि लोक धरायला येईपर्यंत तिथंच उभा राहिला. आडनाव वेगळं, त्यामुळे तुरुंगात कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि वर्गात का नाव घातलं, माहितीये?" पाटोळे म्हणाले. "दोघांच्या बराकी वेगळ्या. एका खोलीत बसायची तीच एक जागा."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या दारात एक बाई आली. पस्तिशीची असेल, पण थकलेली दिसत होती. हातात कापडी पिशवी, पायांत धुळीच्या चपला. बाहेरच उभी राहिली.

"खासनीस मॅडम तुम्हीच का? मी कालिंदा. अंगद थिट्याची बायको. औदूची बहीण."

मी तिला आत घेतलं. पाण्याचा पेला तिनं हातात धरला, पण प्यायली नाही. माझ्या हाताकडे बघत होती.

"त्यानंच केलं न्हवं हे?"

"मी मध्ये गेले. त्याला मला मारायचं नव्हतं."

"मी त्याला भेटून आले परवा. एकच सारखं म्हणत होता. मॅडम म्हणाल्या, दुसरं जग असतंय, तिथं दाजी जिवंत असतील. खरं का ओ ते?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. तारे किती, ग्रह किती, त्यातलं माहीत किती आणि कल्पना किती. ती नीट ऐकत होती.

"म्हंजे तुम्हाला पण ठाऊक न्हाई."

"नाही. कोणालाच नाही."

"पण असलं तर, तिथं मी पण असंन आणि माझं मालक पण."

"असलं तर."

तिनं पेला खाली ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला औदूला परत भेटायचंय. एकटीनं बोलणं व्हायचं न्हाई माझ्याच्यानं. तुम्ही संगं याल?"

मी पाटोळ्यांना फोन केला.

खटल्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण मला थांबायचंय ते भेटीच्या खोलीत. कोर्टात निवृत्तीनं शपथेवर सांगितलं की मी पडलो. आणि औदुंबरनं वकील अडवत असताना उभं राहून सांगितलं की मी मारलं, जीव घ्यायलाच मारलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग माझी साक्ष झाली. मी घडलं तसं सांगितलं, निवृत्तीनं पातं खिडकीतून फेकलं तेही सांगितलं. औदुंबरला सात वर्षं लागली आणि त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. निवृत्ती त्याची वर्षं भरून सुटला. गावाला गेला नाही. कुठंतरी वीटभट्टीवर मुकादम म्हणून लागला, असं बन्सीनं मला सांगितलं. वर्ग मी पुढंही चालू ठेवला.

भेटीची खोली लांबट होती. मधे दोन जाळ्या, त्यांच्यात हातभर अंतर, म्हणजे पलीकडच्याला काही देता येऊ नये. एरवी तिथं इतका कलकलाट असतो की माणसं ओरडून बोलतात. आम्हाला पाटोळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत बोलावलं होतं, त्यामुळे खोली रिकामी होती. एक शिपाई दाराशी उभा होता.

औदुंबर आला. हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. कालिंदानं त्याला असं पाहिलं आणि तोंडावर पदर दाबला. पण रडली नाही.

"आक्का, यांना कशाला आणलंस?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग हळू आवाजात, "मॅडम, तुम्हाला लागायला नको होतं."

"औदू, मी काय सांगते ते गप ऐक."

"मरंल का तो?"

"न्हाई. वाचला."

त्यानं चांगल्या हाताची मूठ जाळीवर मारली. शिपायानं मान वळवली.

"परत मारीन. आज न्हाई तर दहा वर्षांनी. दाजी जिथं कुठं जिवंत असतील तिथनं बघतील."

"असंल की," कालिंदा म्हणाली. "असंल कुठंतरी जिवंत. पण मग तिथं मी न्हाई, औदू."

"म्हंजे?"

"त्या दिवशी बांधावर भांडण झालंच न्हाई. घरात झालं. भर दुपारी. जेवणात मीठ कमी होतं का जास्त, आता आठवत पण न्हाई. तुझ्या दाजीनं रॉकेलचा डबा उचलला आणि माझ्या डोक्यावर ओतला. मनी माझ्या पदराला धरून होती. तिच्या पण केसांतनं गळत होतं. दाराला आतनं कडी. त्यानं काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढत होता."

औदुंबरचा उघडा डोळा तिच्यावर खिळला होता.

"मी वरडले. रोजच वरडायची, कोण येत न्हवतं. त्या दिवशी निवृत्तीनं भिंतीवरनं उडी मारली. दार फोडलं. त्याच्या हातात पहार होती. पहिल्या घावालाच मालक खाली पडलं, हातातली काडी उडाली. मग तो मारतच राहिला. आणखी तीन, चार. मी थांब म्हणत होते. ते घाव कशासाठी घातले ते त्यालाच ठाऊक. मी त्याला चांगला माणूस म्हणत न्हाई. पण तो आला न्हसता तर मी आणि मनी कोळसा झालो असतो."

"खोटं," औदुंबर म्हणाला. पण त्या शब्दात जोर नव्हता.

तिनं पाठ वळवली आणि मानेवरून पदर खाली केला. मी तिच्या शेजारी होते, मला जवळून दिसलं. मानेखालून पाठीपर्यंत कातडी सुरकुतलेली, चमकणारी, मधेमधे काळपट गोल डाग. काही डाग जुने होते, काही त्यांच्यावर पुन्हा पडलेले.

"तुला म्हणाले होते, तवा लागला. तवा एवढ्या वेळा लागतो का?"

तिनं पदर सारखा केला.

"निवृत्ती म्हणाला, आंघोळ कर, पोरीला घाल, केस धू. कोणी विचारलं तर तू ओढ्यावर होतीस. मी म्हणाले, मी सांगते खरं. तो म्हणाला, खरं सांगशील तर गाव विचारंल, शेजाऱ्याची बायको जळती तर याला काय पडलंय. आणि त्याचं उत्तर गावच देईल. पोरीचं लग्न व्हायचंय. मग त्यानं मढं बांधावर ओढत नेलं आणि पहार घेऊन तिथंच बसला पोलिसांची वाट बघत. मी ओढ्यावर गेले आणि केस धुतले. तीनदा धुतले तरी वास जात न्हवता."

दाराशी उभा असलेला शिपाई जमिनीकडे बघत होता. बाहेर कुठंतरी भांड्यांचा आवाज चालला होता.

वर्गात निवृत्तीनं मला विचारलं होतं, तिथं पुढं काय झालं असेल. त्याला उत्तर ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं होतं. हे मला त्या जाळीपाशी कळलं.

औदुंबर जाळीला कपाळ टेकून उभा होता. खांदे हलत होते. मग त्यानं डोकं मागं घेतलं आणि जाळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भुवई फुटून रक्त यायला लागलं तेव्हा शिपाई पुढं धावला, पण कालिंदाच म्हणाली, "बास, औदू," आणि तो थांबला.

"तो तुला मारत होता तवा मला का न्हाई सांगितलंस?" त्यानं विचारलं. "एवढी वर्षं. एकदा तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्याचा खून केला असतास. आणि जन्मभर आत बसला असतास."

रक्त त्याच्या सुजलेल्या डोळ्यावरून ओघळत होतं. त्यानं ते पुसलं नाही. मागच्या दाराकडे, शिपायाकडे, आपल्या प्लास्टरकडे पाहिलं.

"मग आत्ता मी कुठं हाय, आक्का?"